मॅटाडोर ते मार्को पोलो

फेब्रुवारी २०२०. ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये मर्सिडीज-बेंझने ‘व्ही-क्लास मार्को पोलो’ ही गाडी मांडली. छप्पर वर उचललं की तिथे दोघांना झोपायची जागा, मागचा बाक पसरला की खाली आणखी दोघांची सोय, बाजूला गॅसची शेगडी, चिमुकलं सिंक आणि फ्रिज. गाडी स्पेनमध्ये तयार झालेली, शोरूम किंमत एक कोटी शेहेचाळीस लाख. स्वयंपाकघर नसलेली धाकटी बहीण आठ लाखांनी स्वस्त. कंपनीचा भारतातला कारखाना चाकणला आहे, पण ही गाडी आली ती आयात होऊन, जशीच्या तशी. पुढच्याच महिन्यात देशभर टाळेबंदी लागली. भटकंतीची गाडी बाजारात यायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. काही वर्षांतच ती भारतातल्या यादीतून निघूनही गेली.

भिवंडीत मात्र गाडीत झोपणं हे कोणाला नवल नव्हतं. मुंबईची जकात ३० जून २०१७ पर्यंत होती आणि भिवंडी तिच्या हद्दीबाहेर. त्यामुळे माल आधी इथे उतरवायचा, साठवायचा आणि लागेल तसा मुंबईत पाठवायचा, हा हिशेब पक्का झाला. माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या गावांच्या भातशेतीवर गोडाऊन उभी राहिली, ती यातूनच. जकात गेली तरी गोडाऊन राहिली, उलट ऑनलाइन खरेदीने ती फुगली. ठाणे-मुंबईत अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी प्रवेशबंदी असते, त्यामुळे ड्रायव्हर-क्लीनर तासन्‌तास रस्त्याकडेला थांबतात. सीटमागच्या फळीवर अंथरूण, शेजारी भातासाठी स्टोव्ह, पाण्याचा कॅन, आरशाला अडकवलेला टॉवेल. कॅम्परच्या जाहिरातीत असतं ते बहुतेक सगळं इथे आधीपासून होतं. आवड म्हणून कोणी ते केलेलं नव्हतं, एवढाच फरक.

परदेशी व्हॅन आपलीशी करण्याची महाराष्ट्रातली सुरुवात मार्को पोलोच्या कितीतरी आधीची, आणि ती फिरोदियांच्या कारखान्यातली. नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने गोरेगावात तीनचाकी बनवायला घेतली. १९६४ मध्ये कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि १९६९ मध्ये तिथून मॅटाडोर बाहेर पडली. आराखडा जर्मन, हानोमाग घराण्यातला. पुढच्या चाकांना जोर देणारी ही व्हॅन, त्यामुळे मागे चाकांकडे जाणारा दांडा नाही आणि फ्लोअर खाली, सपाट. हीच गोष्ट गॅरेजवाल्यांच्या पथ्यावर पडली. सपाट फ्लोअरवर काहीही बसवता येतं: शाळेच्या पोरांचे बाक, रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर, बँडवाल्यांचे ढोल, लग्नाचं अख्खं वऱ्हाड. पुढे तिला मर्सिडीजच्या परवान्याचं २.४ लिटरचं डिझेल इंजिनही मिळालं. तिची जर्मन भावंडं मर्सिडीजच्या बिल्ल्याखाली युरोपात अनेकांचं फिरतं घर झाली. इकडे ती कष्टाचीच राहिली.

दुसरी आली १९८७ मध्ये. मर्सिडीजची टी-वन व्हॅन जर्मनीत १९७७ पासून होती, तिच्यावरून बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर घडली. उंच छताच्या ट्रॅव्हलरमध्ये मोठा माणूस जवळपास ताठ उभा राहू शकतो, आणि ज्या गाडीत उभं राहता येत नाही तिच्यात राहता येत नाही, हे कोणत्याही मिस्त्रीला न सांगता कळतं. पुढे महाराष्ट्रात ज्या कॅरव्हॅन बनल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या पोटात ही ट्रॅव्हलरच आहे.

तोवर कामासाठी गाडीत राहणाऱ्यांची वेगळीच परंपरा रुळली होती. जत्रांमधून फिरणारे तंबू सिनेमे ट्रकवर प्रोजेक्टर वाहत. ट्रक हेच ऑपरेटरचं कार्यालय आणि झोपायची खोलीही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातले असे शेवटचे फिरते सिनेमे दिसतात. तमाशाचे फड ट्रकांच्या ताफ्यावरच वर्षानुवर्षं जगले. शेजारच्या आंध्रात एन. टी. रामारावांनी १९८२-८३ मध्ये जुनी शेवरले व्हॅन दुरुस्त करून ‘चैतन्य रथम’ केला. टपावरून भाषण, आत विश्रांती, आणि रथ चालवायला मुलगा हरिकृष्ण. आयात केलेली गाडी घ्यायची, तिला निवास आणि कामकाज दोन्हींसाठी बदलायची, याचं त्या काळातलं इतकं गाजलेलं उदाहरण देशात दुसरं नसावं. मुंबईच्या चित्रसृष्टीत नव्वदच्या दशकात मेकअप व्हॅन आली. तिचं श्रेय पूनम धिल्लन यांना दिलं जातं. त्यानंतर गाडीच्या आत आरसा, पलंग, एसी आणि स्वच्छतागृह बसवणं हा एक धंदाच झाला. भटकंतीवाल्यांना जी कारागिरी हवी होती, ती अशी शूटिंगच्या पैशावर तयार झाली.

खरीखुरी परदेशी कॅम्परही महाराष्ट्राने पाहिली होती. १९६० आणि ७० च्या दशकांत युरोपातून फोक्सवॅगनच्या व्हॅन इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत भारतात उतरत आणि त्यातल्या कित्येक गोव्यापर्यंत पोचत. त्याच वर्षांत भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीला, स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमात, परदेशी शिष्यांची रीघ होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ताच बंद पडला. ज्या गाड्या आल्या, त्या इथे राहिल्या नाहीत. कार्नेट नावाच्या कागदावर आलेलं वाहन ठरल्या मुदतीत देशाबाहेर न्यावं लागतं, ते विकता येत नाही.

मग वापरलेली कॅम्पर सरळ आयात का करू नये? ब्रिटनमध्ये तसं घडलं. जपानमध्ये जुन्या झालेल्या माझदा बोंगो फ्रेंडी हजारोंनी तिकडे गेल्या आणि त्यांत ओटे, पलंग बसवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. दोन्ही देशांत गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे स्टिअरिंगचा प्रश्न नव्हता. भारतातही नाही. पण आपल्या नियमाप्रमाणे वापरलेलं वाहन तीन वर्षांहून जुनं चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागतं, आणि बराच काळ तर असं वाहन फक्त मुंबई बंदरातूनच आणता येई. त्यावर कर इतके की गाडीच्या किमतीएवढेच किंवा त्याहून जास्त पैसे सरकारजमा. बोंगो फ्रेंडीचं बनणं २००० च्या दशकातच थांबलं, म्हणजे ती तर कधीच वयाने बाद. म्हणून इथे ‘आयात व्हॅन’ म्हणजे श्रीमंताची नवीकोरी गाडी, नाहीतर आयात झालेला आराखडा.

आराखड्यावर मिस्त्रीने हात चालवला की कायदा जागा होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांत बदल करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांनी केरळच्या एका प्रकरणात ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आली. तेव्हापासून गॅरेजमध्ये प्लायवूडपेक्षा ‘पासिंग’चीच चर्चा जास्त. बाकं काढली, आसनसंख्या बदलली, खिडकीचा पत्रा कापला, की आरसी बुक आणि गाडी जुळत नाही. सुटका एकच: मोटार कॅरव्हॅनसाठी ठरलेल्या एआयएस-१२४ या मानकाप्रमाणे गाडी तयार करून मान्यता घेणं. ते मानक काढणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. मॅटाडोरनंतर निदान कागद तरी घरच्याच शहरातून निघतो म्हणायचं!

मार्च २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. कॅरव्हॅन पार्कांना सवलती, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, एमटीडीसीच्या निवासांच्या आवारात गाड्या उभ्या करण्याची मुभा. कागदावर भिवंडी तालुका त्याला अगदी सोयीचा आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे तानसेच्या काठाने गरम पाण्याची कुंडं, आणि वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी बांधवलेलं वज्रेश्वरीचं देऊळ. मुंबईहून दोन-अडीच तास. पण यात्रेच्या दिवसांत साधी मोटार लावायला जिथे जागा मिळत नाही, तिथे सांडपाण्याची सोय असलेला कॅरव्हॅनचा ओटा कुठून यायचा?

धोरणापेक्षा जास्त बदल वीज आणि नेटने केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि स्वस्त डेटा घाटातल्या गावांपर्यंत पोचला. टाळेबंदीनंतर लॅपटॉपवरचं काम कुठूनही होतं, हे मालकांनाही पटलं. लोखंडी पत्र्याच्या व्हॅनमध्ये काम करायचं तर गणित सोपं आहे. १०० अँपिअर-तासाची १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिटभर वीज. ६० वॉटचा लॅपटॉप आणि ५ जी राउटर तिच्यावर दिवसभर निघतात. दीड किलोवॉटचा एसी लावला तर तासाभरात खेळ खलास. युरोपातल्या कॅम्परचं इन्सुलेशन थंडी बाहेर ठेवण्यासाठी असतं, आपल्याला मे महिन्याचा तापलेला टप आणि कोकणातली दमट हवा सांभाळायची असते. टपावर सोलर पॅनेल चढवताना ते पत्र्याला चिकटवून न बसवता खाली हवा खेळेल असं उचलून बसवलं, तर सावलीही मिळते. बीएस-६ गाड्यांचे अल्टरनेटर ‘हुशार’ झाल्याने जुनी रिले-जोडणी बॅटरी नीट भरत नाही, मध्ये डीसी-डीसी चार्जर घालावा लागतो. या बाबतीत जुनी ट्रॅव्हलर बिचारी गरीब स्वभावाची, कोणतीही जोडणी चालवून घेते.

२०२२ मध्ये फोर्स मोटर्सने (बजाज टेम्पोचं २००५ पासूनचं नाव) अर्बानिया आणली. या वेळी जर्मन आराखडा नव्हता, व्हॅन स्वतःच रेखलेली होती. कॅम्परवाल्यांनी अर्बानियाही उघडून बघितली. फ्लोअर खाली, छत उंच, इंजिन शांत. फक्त नवी गाडी कापायची म्हणजे कंपनीची वॉरंटी सोडायची, म्हणून ज्यांना खर्च आटोक्यात ठेवायचा ते अजूनही वापरलेली ट्रॅव्हलर शोधतात, आणि आसनं काढायच्या आधी आरटीओत जाऊन विचारतात.