धंदा बंद, घोडा दारात

माथेरान गावात खासगी मोटारींना बंदी. तेथे घोड्यावर अनेकांची चूल पेटते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पर्यटक थांबले. पण घोड्याची भूक थांबत नाही. ३०० किलोच्या जनावराला रोज सहाएक किलो सुका चारा लागतोच. काम नसताना चणा-भरडा कमी करावा, चारा नव्हे. तोही बदल हळूहळू, नाहीतर पोटशूळ उठतो.

‘विकून टाका’ असे आम्ही सहज म्हणतो. मंदीत गिऱ्हाईक कोठले? सावकाराकडे जाण्याआधी हिशेब मांडावा. घरातील बायकांनाही त्यात बसवावे, घर त्याच चालवतात. दोन घोडे असतील तर एक गावाकडच्या नातलगाकडे ठेवावा; मात्र चाऱ्याचे पैसे कोणी द्यायचे, हे आधीच ठरवावे.