टिकली, बुरखा आणि एक साधा प्रश्न: नाही घातलं तर काय होतं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या आठवड्यात एकलहऱ्याहून एक व्हॉइस नोट आली. एकलहरे म्हणजे आपल्या नाशिकरोडजवळचं, औष्णिक वीज केंद्राचं गाव. तिथली कॉलेजला जाणारी एक श्रोती. नाव घेऊ नका म्हणाली. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आईनं आता पुन्हा टिकली लावायला सुरुवात केलीय आणि नातेवाईक कुजबुजतायत. ती म्हणते, "मी आईच्या बाजूनं सगळ्यांशी भांडते. टिकली ही तिची मर्जी आहे, असं सांगते. पण माझी मैत्रीण बुरखा घालते, तेव्हा मीच तिला म्हणते की हे तुझ्यावर लादलंय. मग मी डबल ढोलकी आहे का?"

प्रश्न भारी आहे. आणि खरं सांगू, आपण सगळेच थोडे डबल ढोलकी आहोत. आपल्या घरातलं ते संस्कार आणि शेजारच्या घरातलं ते दडपण, असं आपण पटकन म्हणून टाकतो. म्हणून आज जरा नीट उलगडून बघू.

आधी हेल्मेटचं बघू

वीज केंद्रात काम करायचं म्हणजे हेल्मेट आणि सेफ्टी शूज आलेच. 1948 चा कारखाने अधिनियम तर असंही सांगायचा की चालत्या यंत्राला वंगण घालणं, पट्टा चढवणं असली कामं करणाऱ्यानं घट्ट बसणारे कपडे घालावेत, आणि ते कपडे मालकानं पुरवावेत. ही सक्तीच आहे. पण तिला कुणी जुलूम म्हणत नाही. का?

कारण समोर दिसतं: सैल कपडा यंत्रात अडकला तर जीव जाईल. हेल्मेट साहेबालाही आणि कंत्राटी कामगारालाही. आणि ड्यूटी संपली की ते काढून ठेवता येतं. घरी हेल्मेट घातलं नाही म्हणून तुमच्या चारित्र्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणजे नुसती सक्ती आहे की नाही, एवढं बघून भागत नाही. ती कशासाठी, कुणाकुणाला आणि मोडली तर शिक्षा काय, हे बघावं लागतं.

हेरवाडचा ठराव

आता कोल्हापूर जिल्ह्यात जाऊ. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, या ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. कोरोनात अनेक घरांतली कर्ती माणसं गेली होती, त्यामुळे हा विषय तेव्हा ताजा आणि दुखरा होता. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बायको वारली तर नवऱ्याच्या अंगावरचं काय काढतात? काहीच नाही. नियम एकालाच लागू आहे. आणि तो पाळला नाही तर? हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नकार्यात मागे उभं राहायचं, टोमणे वेगळेच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रालयात उलटा प्रसंग घडला. एका महिला पत्रकारानं संभाजी भिडे यांना प्रश्न विचारला. आधी टिकली लाव, मग बोलतो, भारतमाता विधवा नाही, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. राज्य महिला आयोगानं त्यांना नोटीस पाठवली.

म्हणजे बघा, टिकली तीच. एकीला सांगतात पूस, दुसरीला सांगतात लाव. टिकली बिचारी गप्प आहे. दोन्हीकडे हुकूम भलत्याच कुणाचा तरी आहे.

महाडच्या बायकांनी काय केलं

आता जवळजवळ शंभर वर्षं मागे. डिसेंबर 1927, महाड. मनुस्मृती जाळली तीच परिषद. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी वेगळं बोलले. लुगडं नेसायची ती ठराविक पद्धत, गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या, हातातले कथलाचे गोठ, ही तुमची अस्पृश्य म्हणून ओळखायची खूण झालीय, ती सोडा, असं त्यांचं सांगणं होतं. आणि बायकांनी लगेच तिथंच लुगडी नेसायची पद्धत बदलली.

आज कुणी म्हणेल, ती तर त्यांची संस्कृती होती. पण लांबूनच माणूस ओळखून त्याला बाजूला ठेवता यावं यासाठी जी खूण उपयोगी पडते, तिला नुसतं संस्कृती म्हणून कसं चालेल? पेहरावातून जात वाचली जात होती. त्या बायकांनी ते वाचणंच अवघड करून टाकलं.

आणि चेंबूरचं कॉलेज

2024 मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजनं कॅम्पसमध्ये हिजाब, बुरखा, नकाब, टोपी, बॅज यांना बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 26 जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. ड्रेसकोड सगळ्यांनाच लागू आहे, हा कॉलेजचा युक्तिवाद कोर्टानं मान्य केला. मग 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. टिळा आणि टिकली लावणाऱ्यांनाही बंदी घालणार का, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा मात्र चालणार नाही, हेही स्पष्ट केलं.

त्याआधी कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात, ऑक्टोबर 2022 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले होते. दोन न्यायमूर्तींचं जिथे एकमत झालं नाही, तिथे व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मिनिटांत निकाल लावणाऱ्यांना हात जोडून नमस्कार!

जगातही हेच दिसतं. इराणमध्ये डोकं झाकलं नाही म्हणून पोलीस पकडतात. 2022 मध्ये महसा अमिनी कोठडीत असताना मरण पावली आणि देश पेटला. फ्रान्समध्ये 2004 च्या कायद्यानं सरकारी शाळांत धर्म ठळकपणे दाखवणाऱ्या खुणांना बंदी आहे, त्यात हिजाबही आला. एक सरकार घाल म्हणतं, दुसरं काढ म्हणतं. मुलीला कुणी विचारतच नाही.

"पण मला आवडतं म्हणून घालते"

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "लहानपणापासून तेच डोक्यात भरलं, मग ती आवड कसली?" मुद्दा खरा आहे. पण तो लावायचा तर सगळ्यांना लावा. मंगळसूत्रही, जानवंही, आणि इन्स्टावर बघून घेतलेली जीन्ससुद्धा. कुणाचीच आवड आभाळातून पडत नाही.

म्हणून दुसऱ्याच्या मनात शिरायचा नाद सोडा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा.

पहिला: नाही घातलं तर काय होतं? थोडी नाराजी, की मारहाण, शिक्षण बंद, घराबाहेर काढणं? किंमत जितकी मोठी, तितकी निवड लहान.

दुसरा: नियम कुणाला? फक्त बायकांना, फक्त विधवांना, फक्त एका जातीला किंवा धर्माला असेल तर कान टवकारा.

तिसरा: उद्या मत बदललं तर? घालणारीला काढता आलं पाहिजे आणि काढलेलीला परत घालता आलं पाहिजे. दोन्ही दारं उघडी हवीत.

आणि कॉलेजचं दार बंद करून कुणी मुक्त होत नाही, हेही ध्यानात ठेवा. घरून बुरख्याची सक्ती असलेल्या मुलीला बुरख्यासकट कॉलेजात येऊ दिलं, तर ती शिकेल, कमावेल आणि एक दिवस स्वतः ठरवेल. गेटवरच अडवलं तर ती परत जाईल, त्याच घरात.

तर एकलहऱ्याच्या ताई, तू डबल ढोलकी नाहीस. आईच्या टिकलीचा हिशोब तू बरोबर मांडलास. मैत्रिणीच्या बाबतीत मात्र उत्तर आधीच ठरवून टाकलंस, प्रश्न विचारलाच नाहीस. एकदा निवांत बस तिच्याबरोबर आणि विचार, "तू हे नाही घातलंस तर काय होईल गं?" ती हसून "काही नाही" म्हणाली, तर विषय सोड आणि चहा पी. आणि ती गप्प झाली, तर तिच्या बाजूनंही तशीच भांड, जशी आईसाठी भांडलीस. पण ती म्हणेल तेव्हा आणि ती म्हणेल तसं.

तुमच्या घरात असा एखादा नियम आहे का? व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही घेणार. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!