वैतरणेतला शार्क आणि वाकडीची विहीर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. समुद्रापासून जवळपास चारशे किलोमीटर लांब असलेल्या आपल्या जालन्यातही ती बातमी मोबाईलवरून फिरली, आणि मला ओळखीतल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: मालवणला स्कुबा करायचं ठरलंय, आता जावं की नाही?

माझं पीएचडीचं काम शार्कवर नाही, द्रवात बुडबुडे कसे तयार होतात यावर आहे. पण पाण्याखाली काम करणारी माणसं कशाने मरतात याचा शोध घेत गेलं की शेवटी बुडबुड्यांशी, दाबाशी आणि हवेशीच येऊन पोहोचतो. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर घेते.

आधी शार्कचं बघू. वैतरणेतला मासा बुल शार्क असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं (नंतर तोही मेलेला आढळला). आपल्या किनाऱ्यावर शार्कला मोरी किंवा मुशी म्हणतात आणि ती बाजारात रोज विकली जाते, पण बुल शार्कची गोष्ट थोडी वेगळी आहे. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तग धरत नाहीत, कारण त्यांच्या रक्तात युरिया आणि मीठ भरपूर असतं आणि गोडं पाणी अंगात घुसायला लागतं. बुल शार्कची मूत्रपिंडं हे जादा पाणी बाहेर टाकू शकतात. त्यामुळे तो खाडीतून नदीत शिरतो. ॲमेझॉन नदीत तो समुद्रापासून हजारो किलोमीटर आत, पेरू देशापर्यंत सापडला आहे. माद्या पिल्लं घालायला खाड्यांमध्येच येतात. तेव्हा मनोरसारख्या आतल्या गावात शार्क दिसला यात आश्चर्य वाटण्यासारखं फारसं काही नाही. तिथे तो याआधीही येऊन गेला असणार, एवढंच.

मग तो चावतो का? खाडीचं पाणी गढूळ असतं. हात लांबवला तर पंजा दिसत नाही, अशा पाण्यात शार्क डोळ्यांवर कमी आणि दुसऱ्या दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतो. एक म्हणजे अंगाच्या कडेने जाणारी, पाण्याची हालचाल ओळखणारी रेषा. दुसरी म्हणजे थोबाडावरची बारीक छिद्रं, ज्यांनी त्याला स्नायूंमधली अगदी क्षीण वीज कळते. जाळ्यात मासे तडफडतायत, पाण्यात रक्त आहे, आणि त्याच जागी माणसाचा पाय हलतोय. शार्कच्या बाजूने बघितलं तर या दोन्हीत फरक करायला त्याच्याकडे वेळही नाही आणि उजेडही नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात जगभरातल्या शार्क हल्ल्यांची नोंदवही ठेवतात. २०२३ साली त्यात माणसाने काही न डिवचता झालेले ६९ चावे नोंदले गेले, आणि २२ डिवचल्यामुळे झालेले. या 'डिवचणं' शब्दात बरंच काही येतं: भाल्याने मासे मारणं, जाळ्यातला शार्क सोडवणं, त्याला खाऊ घालणं. म्हणजे पाण्यात उतरून काम करणाऱ्यांचे बरेच चावे या दुसऱ्या खान्यात जातात. पहिल्या खान्यातले ४२ टक्के लोक सर्फिंग वगैरे करणारे होते, म्हणजे पृष्ठभागावरच. पाठीवर टाकी लावून शांतपणे खाली पोहणारा माणूस शार्कच्या वाट्याला क्वचितच जातो. ज्यांना कामासाठी उतरावंच लागतं त्यांच्यासाठी नियम साधे आहेत. मारलेले मासे कमरेला बांधून फिरायचं नाही, पहाटे आणि संध्याकाळी गढूळ पाण्यात उतरायचं नाही, आणि जाळ्यात शार्क जिवंत असेल तर त्याच्या तोंडाकडून हात घालायचा नाही.

आता दुसरा आकडा बघा. १९९२ ते २००३ या काळातल्या, हौशी स्कुबा करणाऱ्यांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास डेनोबल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे सुरुवातीचं कारण कळलं, तिथे ४१ टक्के वेळा टाकीतली हवा संपली होती किंवा कमी पडली होती. २० टक्के वेळा माणूस कशात तरी अडकला होता. शेवटी जीव कशाने गेला हे पाहिलं तर गुदमरणं, रक्तात हवेचे बुडबुडे जाणं आणि हृदय बंद पडणं ही तीन कारणं मिळून जवळपास नव्वद टक्के. अंगाला इजा होऊन मेलेले ५ टक्के. बोटीचा फटका, खडकावर आदळणं, जनावर, हे सगळं त्या पाचात.

हे असं का, ते समजायला विहीर पुरे आहे. पेला उलटा धरून पाण्यात दाबा. आतली हवा बाहेर जात नाही, पण खोल जाल तशी ती दबत जाते. दहा मीटर पाणी म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सबंध वातावरणाइतका आणखी दाब. म्हणून दहा मीटरवर पेल्यातली हवा निम्मी होते. छातीचंही तेच होतं. वरून सहा लिटर हवा भरून बुडी मारली तर दहा मीटरवर ती तीन लिटर उरते, वर येताना परत सहा. इथवर ठीक आहे. आता समजा तुम्ही दहा मीटरवर टाकीतून छाती भरून हवा घेतली, घाबरलात, श्वास रोखला आणि वर सुटलात. सहाचे बारा लिटर होणार. फुप्फुस बारा लिटरचं नाही. ते फाटतं आणि हवेचे बुडबुडे थेट रक्तात, तिथून मेंदूत. यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. छाती पूर्ण भरलेली असेल तर मीटर-सव्वा मीटरचं वर येणंही धोक्याचं ठरू शकतं. म्हणूनच स्कुबा शिकवताना पहिलं वाक्य असतं, श्वास रोखू नका.

यातूनच एक जुनी शंका सुटते. विहिरीत लांब पाईप तोंडात धरून खाली उतरता येईल का? सिनेमात येतं. प्रत्यक्षात मीटरभर खाली गेलात की छातीवर बाहेरून एवढा दाब येतो की स्नायूंना वरची हवा ओढताच येत नाही. हवा दाबानेच खाली पाठवावी लागते, आणि दाबाची हवा आली की वरचे सगळे धोके आले.

खाडीत असे धोके रोज घेणारे लोक आहेत. सरकारी कागदांत 'हातपाटी-डुबी पद्धतीने रेती उत्खनन' असा शब्दप्रयोग तुम्ही वाचला असेल. त्यातली डुबी म्हणजे माणूस. बांबूला धरून लोखंडी बादली घेऊन तळाशी जायचं, रेती भरायची, वर यायचं. टाकी नाही, चष्मा नाही, दिवसभर हेच. ठाणे-पालघरच्या खाड्यांत हे चालत आलंय, म्हणजे साधारण तोच प्रदेश जिथे शार्क चावला. मात्र शार्कची बातमी झाली आणि डुबी मारणाऱ्याच्या कानाची होत नाही. दाबाने हवेचं आकारमान सर्वांत झपाट्याने बदलतं ते पहिल्या काही मीटरांत, आणि कान मोकळे न करता उतरलं की पडदा तिथेच फाटू शकतो. पुन्हा पुन्हा खोल बुड्या मारल्या तर नायट्रोजन अंगात साठून, टाकी न वापरताही, बुडबुड्यांचा आजार होतो. पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवरचे मोती काढणारे त्याला तारावाना म्हणतात. त्यात चक्कर येते, अंग लुळं पडतं, कधी जीवही जातो. आणि बुडीआधी जोरजोरात श्वास घ्यायची सवय तर फारच वाईट. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वासाची तडफड त्याच्यामुळेच होत असते. ती तडफड यायच्या आतच माणूस बेशुद्ध होतो, कसलाही आवाज न करता. आपल्याकडे विहिरीत मुटके मारणारी, तळाची माती काढून दाखवायची पैज लावणारी पोरं हेच करतात. त्यांना एवढं एक तरी जरूर सांगा.

आणखी एक धोका आपल्या अगदी दारात आहे. जायकवाडीचा डावा कालवा अंबड-घनसावंगीतून जातो, गावोगावी बंधारे आहेत, आणि गेट अडकलं की कुणीतरी पाण्यात उतरतं. पाच मीटर पाण्याखाली ३० सेंटिमीटर व्यासाचं भोक आहे आणि पलीकडे मोकळी हवा आहे असं धरा. त्या भोकावर हात-पाय किंवा पोट टेकलं तर जवळपास साडेतीनशे किलो वजनाइतक्या जोराने माणूस चिकटतो. वरून चार जणांनी ओढलं तरी सुटत नाही, आणि आधी काही जाणवतही नाही, कारण ओढ भोकाच्या अगदी जवळच असते. त्रिनिदादमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये तेलवाहिनीच्या दुरुस्तीवरचे पाच पाणबुडे क्षणात पाईपमध्ये ओढले गेले. वाचला एक. गेटवर काम करायचं तर दोन्ही बाजूंचं पाणी आधी सारखं करावं लागतं, दुसरा सुरक्षित उपाय नाही.

ज्याने हा सगळा अभ्यास शास्त्रीय पायावर उभा केला तो जॉन स्कॉट हाल्डेन. १९०८ मध्ये त्याने बोकडांवर प्रयोग करून पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर कसं यायचं याची कोष्टकं दिली. (त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, इथलाच झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.) पण थोरल्या हाल्डेनचं आधीचं काम समुद्रातलं नव्हतं, कोळशाच्या खाणीतलं होतं. स्फोटानंतर खाणकाम करणारे भाजून कमी आणि कार्बन मोनॉक्साइडने जास्त मरतात, हे त्याने १८९६ मध्ये दाखवलं. खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेण्याची कल्पनाही त्याचीच. समुद्राचा तळ आणि जमिनीतला खड्डा हे त्याच्यासाठी एकाच प्रश्नाचे दोन भाग होते: माणूस जिथे चाललाय तिथली हवा कशी आहे?

९ एप्रिल २०२४ रोजी, वैतरणेच्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, आपल्या शेजारच्या नेवासा तालुक्यात वाकडी गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत बायोगॅसचा शेणकाला सोडला जात होता. मांजर काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे एकामागून एक पाच जण गेले. शार्कने महाराष्ट्रात एका घटनेत पाच माणसं मारल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

अशी विहीर मारते ती पाण्याने नाही. कुजणाऱ्या वस्तू ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली साचून राहतो. ऑक्सिजन फारच कमी असेल तर काही श्वासांत शुद्ध जाते. दम लागतोय, परत फिरावं, असं वाटायलाही वेळ मिळत नाही. शिवाय पावसाआधी हवेचा दाब उतरला की जमिनीच्या फटींतली खराब हवा विहिरीत येते, आणि आपण गाळ काढायला निवडतो ते दिवस नेमके मे-जूनचे. कंदील सोडून बघायची पद्धत चांगली आहे, पण अपुरी आहे. कंदील विझला तर ऑक्सिजन कमी हे नक्की. पण डिझेल इंजिन आत उतरवून पाणी उपसलं असेल तर साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये कंदील मजेत जळत राहतो.

मालवणला जाणाऱ्यांनी खुशाल जावं. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नको, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्याला सांगा, आणि बोटीत बसल्यापासून लाइफ जॅकेट अंगात ठेवा. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट उलटली, त्यात दोन पर्यटक गेले.

आणि घरच्या विहिरीत कुणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उतरू नका. ११२ ला फोन करा. ब्लोअर असेल तर लांब नळीने आत हवा सोडा, त्याचं इंजिन मात्र विहिरीच्या काठापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. गाळ काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला आणि खांद्यांना दोर आधीच बांधलेला असेल, तर त्याला वर ओढायला कुणालाही खाली जावं लागत नाही.