खोपोलीचं पाणी, मुंबईची गिटार

खोपोलीत मान वर केली की बोरघाटाच्या कड्यावरून उतरणारे लोखंडी पाइप दिसतात. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचं पाणी त्यातून सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि पेल्टन चाकांवर आदळतं. टाटांचं हे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र १९२२ साली उभं राहिलं. मुंबईत संध्याकाळी दिवे लागतात आणि विजेची मागणी चढते, तेव्हा आमच्या डोंगरांतलं हे पाणी आजही मदतीला धावतं.

ही वीज शहरात जाऊन काय काय करते, याचा विचार मी लहानपणी कधी केला नव्हता. तो सुचला एका कॅसेटमुळे. ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम १९८८ साली सीबीएस कंपनीनं काढला. माझा मावसभाऊ मुंबईत शिकत होता. दिवाळीच्या सुट्टीत तो कर्जतला गाडी बदलून खोपोलीला आला, तेव्हा ही कॅसेट त्याच्या शर्टाच्या खिशात होती. घरात टेपरेकॉर्डर एकच, त्यावर आईची भजनं आणि नाट्यगीतं लागायची. त्या दुपारी त्याच टेपवर गिटारचा असा काही कल्लोळ उठला की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मावसभाऊ एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, “ही गाणी यांची स्वतःची आहेत.”

त्या वाक्याचं मोल कळायला तेव्हाची मुंबई समजून घ्यावी लागते. रॉक वाजवणारे बँड शहरात साठच्या दशकापासून होते, पण बहुतेकांचा कार्यक्रम परदेशी बँडच्या गाण्यांवर उभा असायचा. नक्कल जितकी हुबेहूब, तितक्या टाळ्या जास्त. रॉक मशीन १९८४ साली सुरू झाला तोही याच वातावरणात. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, या सहा जणांच्या संचानं बँडला नाव मिळवून दिलं. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला होता. उघड्या आभाळाखाली तरुण पोरं तासन्‌तास उभी राहून ऐकत. अशा गर्दीसमोर अनोळखी गाणं म्हणायला छाती लागते. दुसऱ्याचं गाणं वाजवलं की कार्यक्रम संपताच ते मूळ मालकाकडे परत जातं. स्वतःचं गाणं ऐकणाऱ्याबरोबर घरी येतं. ‘रेनेगेड’चं महत्त्व मला इथे दिसतं. त्यावर अमेरिकी हार्ड रॉकची छाप स्पष्ट आहे, शब्द इंग्रजी आहेत, पण शब्द आणि चाली त्यांच्या आहेत.

आता ही गाणी कॅसेटमध्ये शिरतात कशी, ते पाहू. त्यासाठी आधी पुन्हा खोपोलीला यावं लागेल. खोपोलीच्या वीजघरात पाण्याच्या माऱ्यानं चाक फिरतं, चाकाबरोबर चुंबक फिरतं आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. हीच युक्ती विजेच्या गिटारमध्ये दिसते. तिथे तारांखाली पिकअप असतो. त्यातही चुंबक, आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार छेडली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज उठते. अ‍ॅम्प्लिफायर तिला मोठं करतो. साधा एका वेटोळ्याचा पिकअप असेल तर सूर लागण्याआधीच एक बारीक घुमारा ऐकू येतो. तो आपल्या विजेचा, सेकंदाला ५० आवर्तनांचा. खोपोलीचं जनित्रही त्याच ठेक्याला बांधलेलं असतं.

कॅसेटचंही तेच. फिलिप्सनं १९६३ साली आणलेल्या या डबीत चार मिलिमीटरहून थोडी कमी रुंदीची फीत असते आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर. मुद्रण करताना टेपच्या हेडमधलं वेटोळं त्या कणांना चुंबकाची दिशा देतं. ऐकताना फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं हेडवरून सरकते आणि कणांची ती दिशा वेटोळ्यात पुन्हा वीज जागवते. शेवटी स्पीकरमध्येही चुंबक आणि वेटोळंच. पाण्यापासून कानापर्यंत एकच युक्ती चार वेळा वापरलेली आहे.

आमची ती कॅसेट दुसऱ्याच वर्षी रोलरमध्ये गुंतली. मी झाकण उघडलं, सुरकुतलेली फीत दोन बोटांनी हळूहळू सोडवली आणि षटकोनी पेन्सिल दातेरी चाकात घालून ती गुंडाळून घेतली. त्या जागी आवाज कायमचा दबला. आजही त्या जागचं गाणं कुठे ऐकलं की त्या ठिकाणी माझा कान आवाज दबण्याची वाट पाहतो.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलमध्ये, निर्वाणा नावाचा बँड आपला पहिला अल्बम ‘ब्लीच’ मुद्रित करत होता. सब पॉप या छोट्या कंपनीनं तो १९८९ साली काढला. मुद्रणाला ६०६ डॉलर आणि १७ सेंट लागले. ते जेसन एव्हरमन या गिटारवादकानं दिले, आणि त्यानं एकही सूर वाजवला नसताना अल्बमवर गिटारवादक म्हणून त्याचं नाव छापलं गेलं. अशा ज्या संगीताला पुढे ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणू लागले, ते तिकडे कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी वाढवलं. आपल्याकडे रॉक वाढवण्याचं काम कॉलेजांच्या महोत्सवांनी केलं.

रॉक मशीनचा दुसरा अल्बम १९९० साली आला. त्यातल्या ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला १९९३ साली एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास बँडनं ‘इंडस क्रीड’ हे नवं नाव घेतलं आणि १९९५ च्या अल्बममध्ये भारतीय वाद्यांचे सूर आपल्या रॉकमध्ये मिसळले. पुढे बँड थांबला, २०१० साली पुन्हा जमला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम घेऊन आला. रंगभवन मात्र शांतता क्षेत्राच्या नियमामुळे २००३ पासून गाण्यांना मुकलं.

पहिला अल्बम सहसा नंतरच्या कामाच्या तुलनेत कच्चा ठरतो. ‘रेनेगेड’बद्दलही तसं म्हणता येईल. पण पुढे ज्या बँडनी स्वतःची गाणी लिहिली, त्यांना मुंबईत हे घडू शकतं याचा पुरावा या कॅसेटनं आधीच दिला होता. तो पुरावा खिशात मावत होता आणि दिवाळीला खोपोलीला येऊ शकत होता.

गावी गेलो की पावसाळ्यात मी अजून त्या पाइपांकडे बघतो. तलाव भरलेले असतात, कड्यावरून धुकं उतरत असतं. त्या पाइपांतून खाली येणारं पाणी संध्याकाळी मुंबईत कुणाच्या तरी अ‍ॅम्पचा लाल दिवा लावील. त्या खोलीत चार पोरं आपलं पहिलं गाणं बसवत असतील, तर ते लवकर मुद्रित होवो आणि घाटाखालच्या एखाद्या घरी पोचो, एवढीच माझी मनापासून इच्छा आहे.