शंभर दाण्यांचा हिशेब

मे उलटायला आला की बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, अंबाजोगाईकडच्या गावांत ओट्याओट्यावर ओली गोणपाटं दिसायला लागतात. मागच्या मळणीतून राखून ठेवलेलं सोयाबीन पेरायच्या लायकीचं आहे की नाही, हे बघायची ही रीत. प्रयोगशाळा नको, फी नको. एक जुनं पोतं, बादलीभर पाणी आणि शंभर दाणे एवढ्यात काम भागतं. केज तालुक्यातल्या एका वस्तीवर ही तपासणी मी शेजारी बसून पाहिली. दहावीच्या पुस्तकात ‘संभाव्यता’ नावाचा धडा असतो, तो नाण्या-फाशांवर शिकवण्यापेक्षा या ओट्यावर शिकवावा असं तेव्हापासून वाटतं.

पहिली अडचण दाणे घेण्यातच येते. घरचे आबा पोत्यात हात घालून टपोरे, पिवळेधमक दाणे वेचायला लागले. कृषी सहायक पोरसवदा होता, पण त्यानं हात धरला. “आबा, निवडायचं नाही. येईल तो दाणा घ्यायचा.” आबांना हे काही पटेना. बियाणं म्हटल्यावर चांगलं तेच घ्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. शेवटी प्रत्येक पोत्यातून वरचं, मधलं आणि तळाचं असं मूठ-मूठ सोयाबीन काढलं, चादरीवर कालवलं, आणि त्यातून डोळे झाकून मोजावेत तसे दाणे मोजले. एका गोणपाटावर दहाच्या दहा ओळी, दोन दाण्यांत बोटभर अंतर, वर दुसरं ओलं गोणपाट, मग सैलसर गुंडाळी आणि तिला सुतळी. अशा तीन गुंडाळ्या झाल्या. त्या रांजणाजवळ सावलीत ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी शिंपडायचं काम नातीकडे आलं. ती नुकतीच दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती.

आठवडाभरानं गुंडाळ्या उलगडल्या तेव्हा खरी चर्चा झाली. मोड आला म्हणजे उगवलं, असा आबांचा हिशेब. सहायकाचा तसा नव्हता. मूळ सरळ हवं, दोन्ही डाळी शाबूत हव्यात, कोंब मोडलेला नको, बुरशी नको. काही दाणे नुसते फुगून बसले होते, काही तर आठवडाभर पाण्यात राहूनही दगडासारखे टणक. सोयाबीनचं साल फार नाजूक. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोतं वरून आपटलं की बाहेरून धड दिसणारा दाणा आतून गेलेला असतो. आबांनी पहिल्या गुंडाळीत अडुसष्ट मोजले, सहायकानं चौसष्ट. वहीत चौसष्ट लिहिलं गेलं. दुसरीत एकोणसत्तर निघाले, तिसरीत बासष्ट.

इथं नातीनं विचारलं, “पोतं एकच, मग आकडे तीन कसे?”

या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. खरोखर ७० टक्के उगवणारं बियाणं घेऊन शंभर-शंभर दाण्यांच्या गुंडाळ्या बांधत गेलो, तर साधारण चारांतल्या तीन गुंडाळ्यांत ६५ ते ७५ दाणे उगवलेले मिळतील. चौथी त्याबाहेर जाईल, ६२ दाखवेल नाहीतर ७७, आणि त्यात बियाण्याचा दोष नसेल, मोजणाऱ्याचाही नसेल. कोणते शंभर हाताला लागले एवढाच तो खेळ. म्हणून तर बीज परीक्षण प्रयोगशाळेत चारशे दाणे लावतात. दाणे चौपट केले की आकड्याचं वर-खाली होणं निम्म्यावर येतं. चौपट कष्टांना दुप्पटच खात्री मिळते, या शास्त्राचा स्वभाव तसा चिक्कूच.

तिन्ही गुंडाळ्या मिळून तीनशे दाण्यांतले १९५ उगवले, म्हणजे शंभरी ६५. आता एकरी किती पेरायचं? कृषी खात्याचा तक्ता सांगतो, उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो, आणि पुढं एकेक टक्का घसरला की अर्धा-अर्धा किलो जास्त. ६५ ला साडेबत्तीस किलो, ६० ला ३५. त्याखाली गेलं तर ते बियाणं पेरूच नये. हा तक्ता कोणी मनानं बनवलेला नाही. तीस किलोतलं ७० टक्के जिवंत, म्हणजे २१ किलो कामाचं. रानात पडणारं कामाचं बियाणं तेवढंच राहावं म्हणून दाणे वाढवायचे. ३५ किलोचे ६० टक्के करून बघा, तेही २१ च भरतात. फक्त एकाच गुंडाळीच्या भरवशावर कोणी अर्ध्या किलोचा काटेकोरपणा करायला लागला की मला गंमत वाटते. गुंडाळीच चार-पाच दाण्यांनी इकडे-तिकडे होते, तिथं अर्ध्या किलोचं काय घेऊन बसलात!

सरकीचं गणित याहून खुमासदार. सोयाबीन तिफणीनं नाहीतर पेरणी यंत्रानं पडतं, कापूस मात्र हातानं लावतात. उभ्या-आडव्या रेघा मारून फुल्या पाडायच्या आणि प्रत्येक फुलीवर सरकी टोबायची. चार फूट बाय दोन फुटांवर फुली धरली तर एका एकरात ५,४४५ जागा होतात. पाकिटातल्या संकरित सरकीची उगवण किमान ७५ टक्के असली पाहिजे, असं मानक आहे. एका जागी एकच बी टाकली तर चौथा हिस्सा, म्हणजे तेराशे-चौदाशे जागा रिकाम्या राहणार. म्हणून बरेच जण दोन टाकतात.

दोन टाकल्या तर रिकाम्या किती? नातीनं पुस्तकातली दोन नाणी आठवली आणि वहीत चार निष्पत्ती मांडल्या. दोन्ही उगवल्या, पहिली उगवली दुसरी नाही, दुसरी उगवली पहिली नाही, एकही नाही. चारांतली एक रिकामी, म्हणजे पुन्हा चौथा हिस्सा. आबा ऐकत होते. म्हणाले, “चौथा हिस्सा रान मोकळं? येवढ्या वर्षांत कधी नाय राहिलं बाई.”

गणित कुठं अडलं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण उत्तर खोटं आहे हे त्यांना रानानं शिकवलं होतं. नाण्याच्या छाप्याला आणि काट्याला सारखाच मान असतो. सरकीचं तसं नाही, उगवण्याकडं तिचा कल तिप्पट. चार निष्पत्ती आहेत हे खरं, पण चौघींचं वजन सारखं नाही. मग सोळा फुल्या धरून पोरीनं पुन्हा मांडलं. सोळा जागी पहिली बी टाकली, बारा उगवल्या, चार गेल्या. त्या गेलेल्या चार जागांवरच्या दुसऱ्या बिया बघायच्या, त्यांतल्या तीन उगवल्या, एक गेली. उरलेल्या बारा जागांवरही दुसरी बी आहेच, तिथं नऊ उगवतील, तीन नाहीत. म्हणजे सोळांतल्या नऊ जागी जोड झाडं, सहा जागी एकेक आणि एकच जागा रिकामी. एकरातल्या ५,४४५ जागांना सोळानं भागलं की ३४० नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, येतात. तेराशे साठवरून थेट तीनशे चाळीसवर!

याची किंमतही याच मांडणीतून दिसते. बियाणं दुप्पट लागतं. २०२५ च्या हंगामात बीजी-२ सरकीची ४७५ ग्रॅमची पिशवी ९०१ रुपयांना होती, आणि सोळांतल्या नऊ जागी पुढं विरळणी करून एक चांगलं झाड उपटून टाकावं लागतं. तिसरी बी टाकली तर नांगे ८५ वर येतील, पण आणखी एक पिशवी फोडून अडीचशे झाडं वाचवायला कोणी तयार नसतं. तेवढे नांगे पिशवीत केलेल्या रोपांनी भरून निघतात. दोनावर थांबायचं कोणी ठरवलं माहीत नाही, पण ठरवणाऱ्याला गुणाकार येत असणार, नाहीतर त्याच्याकडं आबांसारखी नजर असणार.

मात्र हा सारा गुणाकार एका अटीवर उभा आहे. एका बीच्या मरणाचा दुसऱ्या बीशी संबंध नसावा. कीड लागून, साल फुटून, जन्मतःच पोचट निघून एखादी बी गेली तर शेजारच्या बीला त्याचं काही नसतं. तिथं चौथ्या हिश्शाचा चौथा हिस्सा बरोबर. पण पाऊस दडी मारतो तेव्हा? लावणीनंतर ओल उडाली तर एकाच फुलीतल्या दोन्ही बिया मिळूनच जातात. जोरदार सर येऊन लगेच कडक ऊन पडलं, वरच्या मातीची पापडी धरली, की दोन्ही कोंब खालीच माना मोडतात. दोन टाका नाहीतर पाच टाका. बीडसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात बी बीमुळं कमी जाते, आभाळामुळं जास्त जाते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला दरसाल येतो तो यासाठीच. दुसऱ्या बीनं जे साधत नाही ते आठ दिवस थांबल्यानं साधतं. मृगाचं वाहन बेडूक आहे की गाढव, हे पंचांगात बघणारे अजून आहेत. ते वाहन नक्षत्रांची मोजदाद करून नवानं भागल्यावर उरणाऱ्या बाकीवरून निघतं. त्या बाकीचा आणि आपल्या शिवारातल्या ओलीचा संबंध लावायला मी काही धजणार नाही.

सगळं मिळून बुडण्याचा दाखला लांब शोधायला नको. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पावसानं झोडपलं आणि सोयाबीन उभ्या पिकात, गंजीत भिजलं. ते बियाणं २०२० च्या जूनमध्ये मातीत गेलं आणि मराठवाड्यात हजारो तक्रारी झाल्या, पेरलंय पण उगवलंच नाही. प्रकरण इतकं वाढलं की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. एका दुकानाचं फसलं म्हणून दुसऱ्या दुकानातून आणावं, तर भिजलेला हंगाम दोघांचाही तोच. तेव्हापासून ओट्यावरच्या गोणपाटांची संख्या वाढली असं आबा सांगतात.

त्याच खरिपात बीडनं विमा कंपन्यांनाही हाच धडा दिला होता. विम्याचा धंदा आबांच्या दुसऱ्या बीसारखाच चालतो. एकाचं गेलं तरी दुसऱ्याचं राहील, सगळ्यांच्या हप्त्यातून थोड्यांची भरपाई होईल. दुष्काळ पडतो तेव्हा मात्र जिल्ह्याचा जिल्हा एकदम दारात येतो. २०२० ला बीडचा पीकविमा घ्यायला कंपन्या पुढं येईनात. शेवटी सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीनं तो घेतला, पण वेगळ्या बोलीवर. तोच पुढं राज्यभर गेलेला ‘बीड पॅटर्न’. हप्ता शंभर रुपये जमला असं धरा. भरपाई ११० रुपयांपर्यंत गेली तर कंपनीनं द्यायची, त्यावरची सरकारनं. भरपाई ८० च्या आत राहिली तर कंपनीनं हप्त्यातले २० रुपये ठेवून उरलेले सरकारला परत करायचे. त्या पहिल्या खरिपात सुमारे ८०० कोटी हप्ता जमला आणि भरपाई त्या मानानं अगदीच किरकोळ निघाली. त्यावर पुष्कळ ओरड झाली, पण करार गणिताला धरून होता. सगळं एकदम बुडायचं असतं तिथं गुणाकारावर विसंबता येत नाही, वर-खाली बांधच घालावे लागतात.

शेतकऱ्याच्या बाजूनं याच हिशेबाचा काच जाणवतो तो वेगळ्या जागी. नुकसानीचा मुख्य आधार महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांचा, म्हणजे मंडळाच्या सरासरीचा. सगळ्या मंडळाचं गेलं तर विमा. ओढ्याकाठचं एकट्या आबांचं रान चिबडलं आणि बाकी मंडळ पिकलं, तर सरासरी धडधाकट राहते आणि आबांच्या हाती काही येत नाही. एकट्याच्या नुकसानीची तजवीज ज्यानं त्यानं बांधावर करायची. आबांची तजवीज जुनी आहे. काळ्या रानात पहिल्या ओलीवर, माळावरच्या मुरमाड तुकड्यात पुढच्या पावसावर, म्हणजे एकच उघडीप दोन्ही तुकड्यांना एकाच वयात गाठत नाही. आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी. ऑगस्टच्या उघडिपीत सोयाबीनच्या शेंगा पोचट राहतात तेव्हा तूर खाली मूळ घालून उभी असते. दोघींवर आभाळ एकच, पण तिला ते वेगळ्या महिन्यात लागतं.

विमा भरला का, असं जाताना आबांना विचारलं.

“भरला की. अन् तूर बी टाकली.”