जुन्या गाडीचा स्वयंचलित गिअर : पारखूनच घ्यावा

तंजावरच्या राजवाड्यालगतच्या मुख्य रस्त्यांवरून वाहन चालविणे म्हणजे पावलोपावली क्लच दाबणे. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या ज्येष्ठांना स्वयंचलित गिअरच्या छोट्या एसयूव्हीचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच. एकोजीराजांच्या काळापासून येथे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्यास अपवाद नाहीत. निवृत्तीच्या पुंजीत नवी गाडी बसत नसल्यास वापरलेल्या गाडीचा विचार होतो. मात्र ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली चार भिन्न यंत्रणा येतात.

यंत्रणा ओळखा

एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. तो किंचित हिसके देतो, पण दुरुस्ती तुलनेने स्वस्त असते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शक्ती तेलाच्या माध्यमातून वाहत असल्याने गर्दीतील रखडत चालणे त्यास सोसते. सीव्हीटीमध्ये पट्टा व पुली असतात. तेथे योग्य तेल वेळेवर बदलणे महत्त्वाचे. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. ते कोरडे असल्यास मंदगती रहदारीत व उन्हाळ्यात लवकर तापतात.

एक बोलके उदाहरण

२०१३ मध्ये भारतात आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टच्या स्वयंचलित पेट्रोल गाडीत दुहेरी क्लचची यंत्रणा होती. ऑस्ट्रेलियात इकोस्पोर्टसह तीन मॉडेलांतील अशा गिअरबॉक्सविषयी तक्रारी झाल्या. त्या हाताळण्यातील अनुचित वर्तनाबद्दल तेथील संघीय न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये कंपनीस एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. भारतात २०१७ च्या सुधारित इकोस्पोर्टमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला. म्हणजेच नाव एक, पण वर्षागणिक यंत्रणा वेगळी! कंपनीने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी सुटे भाग कोठे व किती दिवसांत मिळतील, याची चौकशी आधीच करावी.

खरेदीपूर्वी

इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी. रिव्हर्स व ड्राइव्ह टाकताना धक्का किंवा विलंब जाणवू नये. नंतर भर दुपारी अर्धा तास गर्दीतून चालवावी. थरथर, जळका वास वा धोक्याचा दिवा दिसल्यास व्यवहार थांबवावा. सर्व्हिसच्या नोंदी तपासाव्यात व संगणकीय चाचणी करून घ्यावी. ईशान्य मोसमी पावसात पाण्यात बुडालेल्या गाड्याही बाजारात येतात. म्हणून गालिच्याखाली गाळ आहे का, तेही पाहावे.

हप्ता थांबत नाही

नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाडाची भरपाई मिळत नाही. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेस भरावाच लागतो. मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० यांसोबत, आधीचे कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ पाहणे जितके अगत्याचे, तितकीच गिअरबॉक्सची पारख अगत्याची. जाणकार मेकॅनिकला तपासणीसाठी दिलेले पैसे हा खर्च नव्हे; आयुष्यभराच्या बचतीचे ते संरक्षण होय.