सातासमुद्रांपलीकडील घर

बडोद्याच्या गादीस वारस नव्हता, तेव्हा 1875 साली महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील एका मुलास दत्तक घेतले. हाच मुलगा पुढे सयाजीराव गायकवाड या नावाने कीर्तिमान झाला. जुन्या काळी दत्तकविधान होई ते बहुधा अशाच हेतूने. गादी, वतन किंवा निदान घराण्याचे नाव चालविण्यास कोणीतरी हवे असे. म्हणून धडधाकट व चलाख मुलगा पारखून घेतला जाई. मुलीचा विचार क्वचितच होई. अपंग मुलीचा तर नाहीच.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी मुंबईत एक मुलगी जन्मास आली. ती काही महिन्यांची असतानाच तिला पोलिओ झाला. या रोगाचे विषाणू दूषित पाण्यावाटे अथवा अन्नावाटे पोटात जातात व आतड्यांत वाढतात. बहुतेकांना त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. परंतु काही मुलांच्या बाबतीत ते पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशींचा नाश करतात. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. त्या मुलीचे दोन्ही पाय लुळे पडले. तिच्या जन्मदात्या आईस तिचे संगोपन करणे शक्य नव्हते. तिने मुलीला अनाथालयात ठेवले. पोटच्या मुलीला दुसऱ्याच्या हाती देताना त्या माउलीच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मुलगी तीन वर्षांची झाली, तेव्हा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरी राहणाऱ्या डेंटलर दांपत्याने तिला आपली मुलगी म्हणून स्वीकारले. तिला राज्य मिळावयाचे नव्हते आणि तिच्यामुळे त्यांच्या घराण्यास काही मिळावयाचे नव्हते. उलट, घरात येणार होते ते दवाखान्याचे हेलपाटे. पुढील काही वर्षांत तिच्या कमरेवर, पायांवर व पाठीवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. अखेर पायांना आधारपट्ट्या बांधून व कुबड्या घेऊन मिंडा डेंटलर उभी राहिली, चालू लागली आणि शाळेत जाऊ लागली.

मात्र परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलाचे दैव असेच उजळत होते, असे मानण्याचे कारण नाही. त्या काळी परदेशी माणसास भारतात सरळ दत्तक घेता येत नसे. 1890 च्या एका कायद्यान्वये तो येथील न्यायालयाकडून मुलाचे पालकत्व मिळवी आणि आपल्या देशी जाऊन तेथील कायद्याने दत्तक घेई. या व्यवहारात गैरप्रकार होतात, मुलांचे हाल होतात, अशी तक्रार करणारे पत्र 1982 साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिले. न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले! 1984 साली न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निकालपत्रात परदेशी दत्तकाचे काटेकोर नियम घालून देण्यात आले. मुलासाठी आधी आपल्याच देशात घर शोधावे, ते न मिळाले तरच त्याला परदेशी पाठवावे, हे त्यांतील प्रमुख तत्त्व होय. पुढे 1993 साली हेग येथे अनेक राष्ट्रांनी मिळून जो करार केला, त्यातही हेच तत्त्व आहे. भारताने तो करार 2003 साली स्वीकारला.

आज हे काम कसे चालते? समजा, गंगापूरच्या बसस्थानकावर कोणी एक तान्हे मूल सोडून गेले. त्या मुलास 24 तासांच्या आत छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समिती प्रथम त्याच्या आईवडिलांचा शोध घेववते, कारण मूल टाकलेले नसून हरवलेलेही असू शकते. शोध लागला नाही, तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलास चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळे ठरविले जाते. मग त्याची वैद्यकीय तपासणी होऊन नोंद केली जाते. व्यंग असल्यास ते लपविता येत नाही. दत्तक घेणाऱ्यास सर्व अहवाल आधीच दाखवावा लागतो. भारतात घर न मिळाल्यास परदेशस्थ कुटुंबांचा विचार होतो. व्यंग असलेल्या मुलांच्या बाबतीत ही वाट पाहण्याची मुदत मुद्दामच थोडी ठेवलेली आहे. उपचारांस उशीर झाला, तर वाकलेले हाड अधिकच वाकते. मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षेपर्यंत त्याच्या प्रगतीचे अहवाल इकडे यावे लागतात: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

आपल्याकडील कुटुंबे अशा मुलांना अजूनही सहसा पुढे होऊन घेत नाहीत, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक निराधार अपंग मुलांना आपले नाव दिले. त्या मुलांच्या कागदपत्रांवर पिता म्हणून त्यांचेच नाव लागते. 2024 साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

इकडे मिंडा मोठी झाली. न्यू यॉर्कमध्ये नोकरी करीत असता तिला हातांनी चालविण्याची सायकल मिळाली. पायांनी जे नाकारले, ते ती बाहूंकडून करवून घेऊ लागली. हवाई बेटावर दर वर्षी एक अत्यंत खडतर शर्यत होते. समुद्रात 3.8 किलोमीटर पोहावयाचे, लागलीच 180 किलोमीटर सायकल चालवावयाची आणि त्यावर 42 किलोमीटर धावावयाचे. आणि हे सारे एकाच दिवसात! 2012 साली मिंडा या शर्यतीत उतरली. सायकलीचा टप्पा ठरलेल्या वेळेत पुरा झाला नाही, म्हणून तिला थांबविण्यात आले. एक वर्ष कसून सराव करून ती पुन्हा गेली. केवळ हातांच्या बळावर ती पोहली, चढावर समोरचा वारा सोसत सायकल रेटली आणि धावण्याचे अंतर चाकांच्या खुर्चीतून कापले. ऑक्टोबर 2013 मध्ये 14 तास 39 मिनिटांनी तिने अंतिम रेषा ओलांडली. चाकांच्या खुर्चीवरील कोणाही स्त्रीने ही शर्यत पुरी करण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, मार्च 2014 मध्ये, भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये बंगालमध्ये आढळला होता. जगातून हा रोग समूळ जावा यासाठी मिंडा ठिकठिकाणी भाषणे देते. तिला स्वतःला एक मुलगी आहे. त्या मुलीला तान्हेपणीच, अगदी वेळेवर, पोलिओची लस देण्यात आली.